पौषातला शेक

माझी थोरली लेक पौषात झाली, दिवस भरायच्या आधी. दाईनं तिला हातात घेतलं आणि माझ्याकडं न पाहता मायकडं पाहिलं. "जिती हाये," ती म्हणाली. "पन इचा शेक तुटू देऊ नको. शेक तुटला का पोट्टी गेली, हे ध्यानात ठेव."

एवढं सांगून ती हात धुऊन निघून गेली. दवाखाना मूर्तिजापूरला, रेल्वेचं स्टेशन लांब, मधला रस्ता काळ्या मातीचा आणि बैलगाडीचा. त्या काळी आमच्याकडं अशी कमी दिवसांची लेकरं दवाखान्यात जगत नव्हती, बाजेखालच्या घमेल्यावर जगत होती. घमेल्यात गोवरीचा विस्तव, वर बाज, बाजेवर बाळंतीण आणि तिच्या पोटाशी लेकरू. दार बंद, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. बाहेरचा वारा आत यायचा नाही, आतली ऊब बाहेर जायची नाही. सव्वा महिना असा काढायचा.

आणि नेमकी त्याच पौषात आमच्या घरात गोवरी नव्हती.

ही सन साठच्या थोडी पुढची गोष्ट. आज बटण फिरवून चहा ठेवणाऱ्या माणसाला गोवरी नसणं म्हणजे काय ते सांगून कळत नाही. मी सांगायचा प्रयत्न केला आहे, माझ्या नातवंडांना. ती म्हणतात, मग लाकडं आणायची ना आजी. कुठून आणू रे बाबा लाकडं? वऱ्हाडात नजर जाईल तिथवर कापूस. झाड दिसलं तर कोणाच्या तरी बांधावर, आणि बांधावरच्या झाडाला हात लावला तर मारामारी. आमच्याकडं जळण म्हणजे तीन गोष्टी. कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, तूर झोडपल्यावर उरलेल्या तुराट्या, आणि शेण. पऱ्हाट्या उपटायच्या माघ-फाल्गुनात. म्हणजे पौषात गेल्या सालच्या संपलेल्या असतात आणि या सालच्या अजून शेतात उभ्या असतात, बोंडासकट. त्या दिवसांत गरिबाच्या चुलीला शेणाशिवाय वाली नसतो.

आमचं गाव बडनेरा आणि मूर्तिजापूरच्या मधे, रेल्वेच्या लाइनीला लागून. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. नागपूरला जाऊन दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीनं गावकीची सगळी कामं टाकली. मेलेली ढोरं ओढणं बंद, सांगावे पोचवणं बंद. माझे बाबा त्यात पुढे होते. पण मायचं एक काम राहिलं होतं. ती पाटलांचा गोठा झाडायची. त्याचा मोबदला म्हणजे गोठ्यातलं शेण, पाटलांच्या घरचं सारवण आणि उकिरडा सोडून उरेल तेवढं. ते ती टोपल्यात भरून आणायची आणि आमच्या मागच्या भिंतीवर थापायची. बाबा म्हणायचे, हे पण सोड. तर माय म्हणायची, "शेनाले कोन्ती जात अस्ते? आनि चूल काय तुमच्या भाषनावर पेटवू?"

बाबा चिडायचे. पण जेवायला बसायचे त्याच चुलीसमोर.

मग ब्लॉकचे, म्हणजे सरकारच्या विकास खात्याचे, साहेब आले. जीप पाटलांच्या अंगणात उभी राहिली, बाया मागं भिंतीला टेकून उभ्या. मीही होते, तेव्हा लग्न व्हायचं होतं. साहेब भला माणूस होता, शहरी मराठी बोलायचा, पण समजेल असं बोलायचा. म्हणाला, तुम्ही शेण जाळता म्हणजे शेतातलं खत जाळता, देशाचं धान्य जाळता. रॉकेल परदेशातून आणावं लागतं. जंगलं तुटत चालली आहेत. दगडी कोळसा रेल्वेला आणि कारखान्यांना लागतो. तेव्हा शेण शेतात गेलं पाहिजे.

मग शिजवायचं कशावर? त्याचंही उत्तर साहेबाजवळ होतं. ज्यांच्याकडं ढोरं आहेत त्यांनी गोबर गॅस बसवायचा. म्हणजे शेणातून आधी गॅस काढून घ्यायचा आणि राहिलेली मळी खत म्हणून शेताला. ज्यांच्याकडं ढोरं नाहीत त्यांच्यासाठी सॉफ्ट कोक, म्हणजे घरच्या शेगडीसाठी भाजून तयार केलेला कोळसा. तो सोसायटीच्या दुकानात सरकारी भावानं मिळणार होता. ऐकताना सगळं बरोबर वाटत होतं. मला तर फार पटलं. मी सातवी शिकलेली, वस्तीतली पहिली पोरगी, मला शहाण्या माणसाचं बोलणं लगेच पटायचं.

गावात गोबर गॅस बसवायला तयार झाले ते एकटे पाटील. खादी घालायचे, नवीन काही निघालं की त्यांना ते हवंच असायचं. पण खरी गरज होती पाटलिणीला. धुरानं तिचे डोळे गेल्यात जमा होते. कायम लाल, कायम गळणारे, पदराचं टोक कायम डोळ्याला. मी तिला कधी डोळे पूर्ण उघडून माणसाकडं पाहताना पाहिलं नव्हतं. त्यामुळे मी हे सांगताना कोणी पाटलिणीला खलनायिका करू नये. तिला धुरातून सुटायचं होतं, दुसरं काही नाही.

खड्डा माझ्याच बापानं खोदला, रोजानं. विहिरीसारखा गोल, आतून विटांनी बांधलेला. अमरावतीहून लोखंडाचा भला मोठा ड्रम आला, तो खड्ड्यात उलटा ठेवला. शेण पाण्यात कालवून आत सोडायचं, गॅस झाला की ड्रम आपोआप वर चढायचा, आणि तिथून नळी थेट पाटलिणीच्या स्वयंपाकघरात. पहिल्यांदा शेगडी पेटली तेव्हा अर्धं गाव पाहायला गेलं. निळी ज्योत, धुराचं नाव नाही. माय दारातून पाहून आली. तिला स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं, ती गोठ्याकडच्या मागच्या दाराशी उभी राहून पाहायची. घरी येऊन म्हणाली, "आपल्या शेनाचा असा दिवा लागन, वाटलं नव्हतं बाप्पा." खूश होती. अजून तिच्या लक्षात यायचं होतं.

लक्षात आलं तेव्हा टोपलं रिकामं होतं. ड्रमचं पोट मोठं, सगळं शेण त्यालाच पुरेना. पाटील म्हणाले, शेणाच्या बदल्यात तुला ज्वारी देतो, आणि चांगली देतो. खोटं बोलणारा माणूस नव्हता, दिली पण. मायनं पायलीभर ज्वारी पदरात घेतली आणि विचारलं, "ज्वारी देता हे तुमचं मोठं मन, पाटील. पन कच्चीच खाऊ काय?"

पाटील हसले. म्हणाले, "अवं, कोक येऊन राहिला ना."

कोक आला. एकदा आला. सोसायटीच्या दुकानात अर्धा ट्रक उतरला, तो वरच्या आळीत संपला. मग येईना. विचारलं तर दुकानदार म्हणायचा, वॅगन नाहीत. आणि आमच्या वस्तीच्या मागून दिवसभर वॅगनच जात होत्या. काळ्या कोळशानं काठोकाठ भरलेल्या मालगाड्या, नागपूरकडून यायच्या, भुसावळकडं जायच्या. इंजिन शिट्टी द्यायचं, भिंत हादरायची, आणि आमच्या बाया रिकामी शेगडी पुढं घेऊन बसलेल्या. माझा तर जीव जळायचा. सातवीतलं सगळं शहाणपण तिथंच संपलं.

मधल्या काळात माझं लग्न झालं होतं; अशात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, आणि लेक अवेळी झाली.

पहिले काही दिवस शेजारणींनी चालवलं. कोणी दोन गोवऱ्या दिल्या, कोणी तुराट्यांची मोळी. पण त्यांच्याकडं तरी कुठं होतं? लोक दिवस मावळायच्या आत एकदाच चूल पेटवायचे, भाकरी टाकायचे आणि विस्तव विझवून अर्धवट जळालेलं जळण पुढच्या दिवसाला ठेवायचे. माय घमेल्यात निखारे ठेवताना हात आखडायची, ते मी बाजेवरून पाहायची. लेक एवढीशी, केसाळ, कातडी ढिली. दूध ओढायलाही तिच्यात जोर नव्हता. तिचे पाय सारखे गार पडायचे. मी ते माझ्या काखेत धरून बसायची. दुसरा काही उद्योग नव्हता मला, तिचे पाय तपासणं हाच.

शेवटी माय पाटलिणीकडं गेली. गोठा झाडून झाल्यावर मागच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, नातीसाठी शेण पाहिजे, रोज नाही, आज-उद्यापुरतं. थापून उन्हात ठेवलं तर परवा जळण होईल. पाटलिणीनं पदर डोळ्याला लावला. ती म्हणाली, थंडीनं ड्रम वर चढत नाही, गॅस कमी पडून राहिला, आहे ते सगळं शेण घालावं लागते. आणि परवा ब्लॉकचे साहेब येऊन राहिले, सोबत जिल्ह्याचे मोठे साहेब. गॅस पाहायला. पाटलांनी त्या पाहुण्यांसाठी जुनी चूल पण फोडून टाकली होती, म्हणजे साहेबांना दिसावं की या घरात आता चूलच नाही.

"दोन दिस काढ माय," पाटलीण म्हणाली. "साहेब गेले का देतो."

माय घरी आली आणि हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं. दोन दिवस. मी लेकीचे पाय धरले. दोन दिवस म्हणजे किती असतात ते पाटलिणीला माहीत असायला पाहिजे होतं, तिनंही लेकरं जन्माला घातली होती. मी बाजेवर पडल्या पडल्या तिला शिव्या घातल्या. माय म्हणाली, "वरडू नको, दूध आटते."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा नवरा आला. तो मूर्तिजापूरला छोट्या गाडीच्या इंजिन शेडात कामाला होता, इंजिनात कोळसा भरायचं काम. त्याच्या पाठीवर पोतं होतं. इंजिनाच्या राखेत पुरता न जळलेला कोळसा निघतो, तो तिथले कामगार वेचून घरी नेतात. हे पोतं त्यानं वेचून वेचून भरलं होतं. त्यानं ते उंबऱ्यात टेकवलं आणि लेकीला पाहिलं. मग नाक पुसलं. माझे बाबा तर एवढे खूश झाले की जावयाला चहा द्यायचं विसरले. संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत ड्युटीवर जायचं होतं, बाबा त्याला पोचवायला स्टेशनवर गेले. घरात मी, माय आणि लेक.

मायनं अंगणात घमेलं ठेवलं, खाली तुराट्या लावल्या आणि कोळसा पेटवला. तिनं उभ्या आयुष्यात कोळसा पेटवला नव्हता, पण विस्तव तिला कळत होता. आधी दाट धूर निघाला, डोळे चुरचुरले. ती थांबली. धूर पुरता सरेपर्यंत वाट पाहिली. मग निखारे लालभडक झाले, धुराचा मागमूस नाही. गोवरी अशी झाली की ती आत घ्यायची, हे वस्तीतल्या कोणत्याही पोरीला माहीत होतं. गोवरीचं काय वाईट असतं ते धुरात असतं, धूर गेला की ती गरीब गाय, असं आम्ही समजायचो. मायनं कोळशाला तोच कायदा लावला. कोणीही लावला असता. घमेलं आत आणलं, बाजेखाली सरकवलं, निखाऱ्यांवर ओवा टाकला, दार लावलं आणि चिंध्या फटीत नीट दाबून बसवल्या. कितीतरी दिवसांनी खोली खरोखर ऊबदार झाली. ओव्याचा वास सुटला. मायनं भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

त्या ऊबेत मला पहिल्यांदा रडू आलं. वाटलं, वाचली आपली लेक.

मग डोकं दुखायला लागलं. बाळंतिणीचं डोकं दुखतंच, मी दुर्लक्ष केलं. दुखणं वाढत गेलं, कानशिलात कोणी मुसळ मारावं तसं. मी लेकीचे पाय चाचपले, गरम होते. गाल लाल झाले होते. मला वाटलं, बरं झालं, अंगात ऊब भरली. पण ती बराच वेळ रडली नव्हती. दूधही मागितलं नव्हतं.

"माय," मी हाक मारली.

"निज व," माय म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "लय बरं वाटून राहिलं."

माझी माय असं बोलणारी बाई नव्हती. तिला कधी बरं वाटत नसे. कंबर दुखते, हात भेगाळले, उद्याचं काय, हे तिचं बोलणं. संध्याकाळच्या वेळी, भाकरी टाकायच्या बाकी असताना, पाय लांब करून बरं वाटतं म्हणणारी ही कोण? मला भीती वाटली ती या एका वाक्याची. काय होतंय ते कळलं नव्हतं. पुढं मी नर्सिंग शिकले तेव्हा त्या वायूचं नाव कळलं, तो धूर सरल्यावर लाल निखाऱ्यातून निघतो आणि बंद खोलीत माणसाला झोपवूनच मारतो, हे कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की ही खोली चांगली नाही.

मी लेकीला उचललं आणि बाजेवरून खाली पाय ठेवला, तर पाय मुरमुऱ्यासारखे हलके. गुडघ्यावर पडले. तशीच रांगत दाराशी गेले आणि चिंध्या ओढायला लागले. तेव्हा माय जागी झाली. उठून तिनं माझं मनगट धरलं.

"काय करून राहिली? वारा लागन तिले."

"लागू दे."

"अवं बाई, मरन ते. दाईनं सांगितलं ना."

"आतच मरून राहिली ते, माय. सोड."

ती सोडेना. शेणाच्या कामानं तिच्या हाताला पकड आली होती, माझ्यात बाळंतपणानं काही उरलं नव्हतं. मी तिच्या हाताला चावले. खरंच चावले. तिनं हात सोडला, मी दार ढकललं आणि अंगणात जाऊन पडले, लेक छातीशी. माय मला आत ओढायला बाहेर आली, आणि बाहेर आली म्हणून वाचली. दोन पावलं टाकून तिथंच भिंतीला धरून ओकली.

लेक लुळी होती. मी तिच्या तळपायावर चापट्या मारल्या, एक, दुसरी, जोरात. तोंडात फुंकर घातली. मायला हाका मारत होते, कोणाला शिव्या देत होते, मला आठवत नाही. मग लेकीनं तोंड वाकडं केलं आणि मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज काढला. तो आवाज ऐकला आणि त्याच क्षणी मला वारा जाणवला. पौषातल्या संध्याकाळचा वारा, उघड्या रानातून येणारा. आत खोली मोकळी व्हायला वेळ लागणार होता, आणि मोकळी झाली की ती बाहेरइतकीच गार होणार होती. शेजारच्या घरांच्या चुली केव्हाच विझल्या होत्या. माझ्या हातात तिचे पाय गार पडायला लागले.

आमच्या अंगणातून पाटलांच्या घराची मागची बाजू दिसायची. स्वयंपाकघराच्या खिडकीत कंदिलाचा उजेड होता.

मला राग आला. माझ्या आयुष्यात तसा राग मला पुन्हा आला नाही, आणि मी तापट बाई आहे, कोणालाही विचारा. मी लुगड्याचा पदर लेकीभोवती गुंडाळला आणि अनवाणी निघाले. माय मागून येत होती, ओकत, हाका मारत, "नको जाऊ व, तिथं नको." गोठा ओलांडला, ड्रमजवळून गेले. ड्रम चांगला वर चढलेला होता. दोन दिवस शेगडी एकच वेळ पेटवून त्यांनी उद्यासाठी गॅस साठवला होता. मागच्या दाराशी आले. इथंच माय थांबायची, वर्षानुवर्षं, झाडू हातात धरून. मी थांबले नाही. उंबरा ओलांडून आत गेले.

पाटलीण परात पुढं घेऊन बसली होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं, कोण ते तिला आधी दिसलंच नाही. मग दिसलं.

"काहून आली? अशा अंगानं?"

"शेगडी पेटवा," मी म्हणाले. "लेक गार पडली."

"अवं, उद्या साहेब..."

"शेन मायनं काढलं. खड्डा बाबानं खोदला. आता शेक माह्या लेकीले पायजे, पाटलीनबाई. आत्ता पायजे."

ती उठली. मला वाटलं हात धरून बाहेर काढते. बैठकीतून पाटलांचा आवाज आला, "कोन हाये वं?" पाटलिणीनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या गाठोड्याकडं पाहिलं. मग मधलं दार लावून घेतलं आणि कडी घातली.

"कोनी नाही," ती दारातून म्हणाली. "पीठ सांडलं."

तिनं शेगडी पेटवली आणि बटण पुरतं फिरवलं. निळी ज्योत भसकन वर आली. वर तवा ठेवला, जुनं धोतर फाडलं, फडकं तव्यावर गरम करून माझ्या हातात दिलं. "पोटाले लाव. मंग पायाले." खिडकी तिनं उघडीच ठेवली, आणि मला शेगडी आणि भिंतीच्या मधे बसवलं म्हणजे वाऱ्यात येणार नाही. मी बसले. फडकं गार झालं की ती दुसरं द्यायची. माय दाराबाहेर उभी होती. तिनं तिथूनही आत पाऊल टाकलं नाही.

"पाटलीनबाई," माय बाहेरून म्हणाली, "डरम खाली चालला."

"जाऊ दे," पाटलीण म्हणाली.

जाऊ दे म्हणाली खरी, पण तिचा हात बटणाकडं गेला आणि मागं आला. मी पाहिलं. ज्योत बारीक होत गेली, पिवळट झाली, फडफडली आणि विझली. तोवर लेकीनं डोळे उघडले होते आणि ती माझी छाती शोधत होती. त्या स्वयंपाकघरात, पाटलिणीच्या शेगडीसमोर, ती पहिल्यांदा नीट दूध प्यायली. मी मान खाली घालून रडत होते. पाटलीण म्हणाली, "आता जा. कोनी पाहीन."

दुसऱ्या दिवशीचं मी मायकडून ऐकलं. आमची खोली रात्रभर उघडी ठेवून वारं खेळवलं होतं, ती रात्र मी लेकीला घेऊन शेजारणीच्या घरात, मायनं अंगणातल्या कोळशावर गरम करून आणलेल्या फडक्यांवर काढली होती, आणि सकाळी ऊन चढल्यावर मी अंगणात, उन्हात, लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. साहेब आले. मोठे साहेब ड्रमभोवती फिरले. ड्रम तळाला बसलेला. पाटलांनी शेगडीला काडी लावली, मग दुसरी, मग आणखी एक, पेटेना. पाटलांचं तोंड पाहण्यासारखं झालं. साहेबांनी विचारलं, काय झालं? पाटलांनी बायकोकडं पाहिलं. ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "थंडी हाये साहेब. थंडीत गॅस बसते." साहेबांनी मान हलवली. म्हणाले, बरोबर आहे, हिवाळ्यात हा त्रास होतो, आम्ही वर कळवू.

मग चहा. गॅस नाही, चूल फोडलेली. पाटलिणीनं मायला, असेल ते जळण घेऊन ये, असं बोलावणं पाठवलं, आणि मायनं आमचं कोळशाचं पोतं नेलं. "उघड्यावरच पेटवा," तिनं बजावलं, "घरात नेऊ नका." पाटलांच्या अंगणात कोळशाची शेगडी मांडली, चहा उकळला. मोठ्या साहेबांनी कपबशी हातात घेतली, शेगडीतला लाल कोळसा पाहिला आणि ब्लॉकच्या साहेबांना म्हणाले, "चला, कोक तर पोचला गावात." त्यांना फार समाधान वाटलं. त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं, माय म्हणाली.

पोतं कुठून आलं ते कोणी सांगितलं नाही. मायनंही नाही.

दुपारी माय घरी आली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपलं होतं, त्यात ताजं शेण. मी विचारलं, "देलं पाटलिनीनं?"

"हाव."

"ड्रमातलं काढून?"

मायनं टोपलं भिंतीपाशी ठेवलं, हात पाण्यात बुडवले. मग म्हणाली, "पहाटी पाटलिनीनं सैपाकघर सारवून काढलं. सगळं. कोपऱ्याकोपऱ्यातून. मले शेन कालवून दे म्हने दारातून. हे उरलं त्यातलं."

काल मी जिथं बसले होते, ती जागा तिनं सारवून शुद्ध करून घेतली होती. कदाचित साहेब येणार होते म्हणून सारवलं असेल. मी तिला कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. एवढं खरं की लेकरासाठी दोन दिवस निघत नव्हतं ते शेण माझ्या मागं जमीन पुसायला पहाटेच निघालं.

मी लेकीला खाली ठेवलं आणि टोपलं उचललं. ते उकिरड्यावर फेकून देणार होते. मायनं माझा हात धरला, ज्या हातावर माझे दात उमटले होते त्याच हातानं.

"राग ठेव," ती म्हणाली. "शेन ठेव खाली."

मी टोपलं खाली ठेवलं. मायनं भिंतीवर गोवऱ्या थापल्या, पातळ थापल्या म्हणजे लवकर वाळतील. मी लेकीचे पाय काखेत धरून त्यांच्याकडं पाहत बसले. मागून कोळशाची मालगाडी गेली, भिंत हादरली, एक ओली गोवरी निसटून खाली पडली. मायनं ती उचलून परत थापली. तोवर गरम फडक्यांचा शेक चालवला; तिसऱ्या दिवशी त्या वाळल्या, आणि त्याच गोवऱ्यांवर माझी लेक जगली.